साहेब जेवायला गेलेत

गेल्या अंकात संपादकांनी एक चौकट टाकली होती : 'सरकारी नोकरांवरचे विनोद तुम्हाला पटतात का? प्रश्न पाठवा, उत्तरं आमचे निवृत्त कारकून देतील.' ते निवृत्त कारकून म्हणजे मी. पस्तीस वर्षं महसुलात काढली, कोल्हापूर जिल्ह्यातल्या बारा तालुक्यांपैकी पाचांचं पाणी प्यालो आणि अव्वल कारकून म्हणून बाहेर पडलो. पत्रं एकोणीस आली. सवयीनं आधी वहीत आवक नोंदवली, मग वाचली. त्यातली सात घेतोय. उरलेली प्रलंबित आहेत असं समजा.

प्रश्न : माझे मिस्टर सरकारी कार्यालयात लिपिक आहेत. लग्नकार्यात माझे भाऊ त्यांची हमखास चेष्टा करतात. "दाजी, आज रविवार, म्हणजे झोप झाली नसेल" असलं काहीतरी. सगळे हसतात. आता आठवीतला मुलगाही हसायला लागलाय. हे मात्र गप्प बसून मठ्ठा पितात. काय उत्तर द्यावं?
— एक गृहिणी, राजारामपुरी

उत्तर : ताई, दाजींची चेष्टा हा मेव्हण्यांचा हक्कच आहे, तो कुठल्या शासन निर्णयानं काढून घेता येत नाही. माझ्या मेव्हण्याचं लक्ष्मीपुरीत दुकान. तो दर दिवाळीला विचारायचा, "दाजी, खुर्चीला डिंक लावलाय का?" एकदा मी त्याला विचारलं, "तुझ्या दुकानात गिऱ्हाईक नसलं की तू काय करतोस?" म्हणाला, "बसतो की निवांत." म्हटलं, "आमच्याकडं गिऱ्हाईक नाही असा दिवस मला पस्तीस वर्षांत बघायला मिळाला नाही." तो हसला. पुढच्या दिवाळीला परत डिंक होताच.

त्यामुळं भावांचं सोडा. मुलाचं मात्र बघा. तो हसतोय कारण बापाचं काम त्यानं कधी बघितलेलं नाही. शेतकऱ्याच्या पोराला बापाचा घाम दिसतो, गवंड्याच्या पोराला भिंत दिसते. कारकुनाच्या पोराला काय दिसतं? सकाळी डबा घेऊन गेलेला बाप संध्याकाळी रिकामा डबा घेऊन आला, एवढंच. येत्या ३१ मार्चला रात्री नऊ वाजता मुलाच्या हातात जेवणाचा डबा द्या आणि त्याला ऑफिसात पाठवा. मार्चअखेरीला बिलं, तरतुदी, परत जाणारा निधी असा जो गोंधळ चाललेला असतो तो अर्धा तास बघू दे. बाप त्याला ओळखसुद्धा देणार नाही कदाचित. तेवढं पुरे.

प्रश्न : 'सरकारी काम, सहा महिने थांब' ही म्हण तुम्ही लोकांनीच काढली का? साध्या कागदाचे सहा महिने जातात तरी कुठं, ते एकदा सांगा.
— एक व्यापारी, शाहूपुरी

उत्तर : शेठ, म्हण आम्ही काढली असती तर तिच्यावर जावक क्रमांक असता.

कागद कुठं जातो ते सांगतो. तुमचा अर्ज आधी बारनिशीत, म्हणजे आवक-जावकीच्या नोंदवहीत चढतो, त्यावर गोल शिक्का बसतो. तिथून साहेबांच्या टपालात. साहेब कोपऱ्यात संकलनाचं, म्हणजे ज्या शाखेचं काम तिचं नाव टाकतात. मग संकलनाचा कारकून त्याची कार्यविवरणात, म्हणजे आपल्या कामाच्या वहीत नोंद घेतो, जुनी नस्ती म्हणजे फाईल हुडकतो, टिपणी लिहितो. ती टिपणी अव्वल कारकून, नायब तहसीलदार, तहसीलदार अशी पायऱ्या चढत जाते. या जिन्यावर तिला कुठंही थांबवायला एक शब्द पुरतो : 'चर्चा'. समासात हिरव्या शाईत एवढंच लिहिलेलं असतं. की फाईल आली खाली. आता चर्चा करायची म्हणजे कारकुनाला साहेब सापडले पाहिजेत. साहेब दौऱ्यावर, नाहीतर व्हिडिओ कॉन्फरन्सवर, नाहीतर कुणा मंत्र्याच्या ताफ्यात. साहेब सापडले तर त्या दिवशी कारकुनाची निवडणुकीच्या प्रशिक्षणाला नेमणूक. प्रत्यक्ष चर्चा तीन मिनिटं चालते. ती होईपर्यंत तीन आठवडे गेलेले असतात.

काही थांबणं मात्र कायद्यानंच घातलेलं आहे. फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद धरली की संबंधितांना नोटीस जाते आणि हरकत घ्यायला १५ दिवस द्यावे लागतात. ते १५ दिवस कारकुनाच्या आळसाचे नव्हेत. तुमच्या चुलतभावाला बोलायची संधी मिळावी म्हणून आहेत. आणि आपल्या जिल्ह्यात चुलतभाऊ ती संधी सहसा सोडत नाही.

उरलेले साडेपाच महिने आमचे. मान्य. २००५ चा दप्तर दिरंगाईचा कायदा सांगतो की सर्वसाधारण फाईल एका टेबलावर सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहता कामा नये. २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा सांगतो की अधिसूचित सेवा ठरल्या मुदतीत द्या, नाहीतर जबाबदार माणसाला ५०० ते ५००० रुपये दंड. अर्जाची पोच मागून घ्या आणि त्यावरची तारीख जपून ठेवा. 'मुदत कधी संपतेय?' असं शांतपणे विचारणाऱ्या माणसाची फाईल वर येते, हे मी खालच्या बाजूनं बघितलंय.

आता कबुली. १९९६-९७ सालची गोष्ट. कुठलं ऑफिस ते सांगत नाही. डोंगराकडच्या एका वाडीतला माणूस दोन एसट्या बदलून यायचा. हातानं लिहिलेल्या सातबाऱ्यावर त्याच्या वडिलांच्या नावात एक अक्षर चुकलेलं, ते दुरुस्त करायचं. जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ चं प्रकरण, लेखनप्रमाद, याहून साधं आमच्याकडं काही नसतं. पण त्यात जुना एक फेरफार मला लागत नव्हता. आपल्याला कळत नाही हे वरच्या माणसाला विचारायची लाज वाटत होती. म्हणून फाईल माझ्या खालच्या खणात. तो पहिल्यांदा आला, मी म्हटलं, "साहेब जेवायला गेलेत." पंधरा दिवसांनी आला, तेच वाक्य. साहेबांकडं फाईल गेलेलीच नव्हती, त्यांचं जेवण झालं काय, न झालं काय!

तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याच्या हातात फडक्यात बांधलेली भाकरी होती. मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "साहेब जेवायला गेलं असतील. म्हणून आज मी बी घेऊन आलोय. आता दोघांचं किती वाजता हुतंय बघू." आणि समोरच्या बाकावर बसला. फडकं सोडलं. नाचणीची भाकरी, वर लसणाची चटणी, एक कांदा. कांदा बुक्कीनं फोडला. सगळं ऑफिस बघत होतं. शिपाई मामा तोंडात रुमाल कोंबून मागच्या खोलीत गेला. तो माणूस एकदाही हसला नाही, सावकाश चावून खात होता आणि मधून मधून साहेबांच्या दाराकडं बघत होता.

मी खण उघडला. अव्वल कारकुनांकडं जाऊन फेरफार विचारला. त्यांनी दीड मिनिटात काढून दिला. वीस मिनिटांत टिपणी लिहून झाली आणि चार वाजायच्या आत आदेशावर सही झाली. जाताना त्यानं आभार मानले नाहीत, मी अपेक्षाही केली नाही.

सरकारी नोकरांवरचा त्याच्याइतका तयार विनोद मी नंतर ऐकला नाही. व्हॉट्सॲपवर फिरतात ते लांबून मारलेले दगड असतात, कुणालाही लागतात, म्हणून कुणालाच लागत नाहीत. हा बाकावर बसून, चार हातांवरून मारलेला होता. २०१९ साली सरकारनं परिपत्रकच काढलं की जेवणाची सुट्टी दुपारी एक ते दोनच्या दरम्यान आणि जास्तीत जास्त अर्धा तास. ते टेबलावर आलं तेव्हा मला ती भाकरी दिसली. हल्ली 'साहेब जेवायला गेलेत' हे वाक्य मागं पडलंय म्हणे. 'सर्व्हर डाऊन आहे' म्हणतात. त्याला डबा घेऊन जाऊन काय करणार?

प्रश्न : कचेरीत कधीही जा, चहाच चाललेला. एवढा चहा कशाला लागतो?
— एक विद्यार्थी, कसबा बावडा

उत्तर : आलेल्या माणसाला 'बसा' म्हणायला खुर्ची नसते, म्हणून चहा सांगतात. त्यातले निम्मे कप तुझ्यासारख्या येणाऱ्यांनीच आग्रहानं पाजलेले असतात. आणि खरं सांगू का, जुनी दप्तरं बांधलेल्या रुमालातला कागद सोडला की जी धूळ घशात जाते, तिला पाण्यानं काही होत नाही.

प्रश्न : मी तीन वर्षं स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय. मित्र 'फुकटचा पगार' म्हणून सरकारी नोकरांची टिंगल करतात, रील बनवतात. आणि जाहिरात निघाली की तेच माझ्या आधी फॉर्म भरतात. याला काय म्हणायचं?
— एक उमेदवार, गडहिंग्लज

उत्तर : भावा, याला महाराष्ट्र म्हणायचं. २०२३ च्या तलाठी भरतीत ४६४४ जागा होत्या आणि अर्ज आले दहा लाखांच्या वर. त्या दहा लाखांत तलाठ्यावर कधी विनोद केला नाही असा एक माणूस काढून दाखव. मुलीच्या बापाचंही तेच. 'सरकारी लोक कामचुकार' असं चौकात सांगायचं आणि स्थळ बघताना पहिली अट 'सरकारी नोकरी'. जावई कामचुकार चालतो, पगार चुकार नको.

तुझ्या मित्रांना एवढं मात्र सांग, की ज्या पेन्शनीवर ते रील करतात ती आताच्या पोरांना तशी नाहीच. १ नोव्हेंबर २००५ ला किंवा त्यानंतर जे लागले त्यांना जुनी पेन्शन बंद झाली. मार्च २०२३ मध्ये 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत सगळं रस्त्यावर आलं ते त्याच्यासाठी. मी १९८५ चा, म्हणून जुन्यात बसलो. माझ्या शेजारच्या टेबलावरचा २००८ चा. काम तेच, खुर्ची तीच, म्हातारपण मात्र वेगळं. संपाच्या दिवशी मी त्यांना भेटायला गेलो तर तो म्हणाला, "तुम्ही कशाला आलासा? तुमचं झालंय की." यावर मला हसू आलं नाही.

आणि कोल्हापुरात सरकारी नोकरीवर सरसकट हसताना मला एक अडचण येते. २६ जुलै १९०२ ला शाहू महाराजांनी करवीर संस्थानाच्या गॅझेटमध्ये हुकूम काढला, की रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांतल्या लोकांनी भराव्यात. खुर्चीवर कोण बसतो, लेखणी कुणाच्या हातात आहे, यावर गावाचा कारभार ठरतो हे त्यांना नेमकं माहीत होतं. आमच्या घरात माझ्या आधी कुणी टेबलाच्या आतल्या बाजूला बसलं नव्हतं. माझ्या आजोबांनी आयुष्यभर चावडीत उभं राहून, टोपी हातात घेऊन काम सांगितलं. मला नेमणुकीचा कागद आला तेव्हा त्यांनी तो वाचायला मागितला. वाचता येत नव्हतं. उलटा धरला होता. तरी दहा मिनिटं धरून बसले.

म्हणून तुझ्या मित्रांची रील मी बघतो, हसतो, पण 'फुकटचा' हा शब्द आला की पुढं ढकलतो. अभ्यास कर. दुसरा मार्गही डोळ्यासमोर ठेव. जागा ४६४४ असतात.

प्रश्न : २०१९ च्या पुरात आमच्या घरात गळ्याइतकं पाणी होतं. पाणी उतरल्यावर एक सरकारी माणूस कागद घेऊन आला आणि विचारतो, "पाणी नक्की आलं होतं का?" मागं भिंतीवर चिखलाची रेघ, वर माळ्यावर अडकलेलं गवत. अशा माणसावर हसायचं नाही तर काय करायचं?
— एक वाचक, चिखली (ता. करवीर)

उत्तर : तो माणूस मी नव्हे. पण मी असू शकलो असतो. मला त्यावेळी शिरोळ तालुक्यात पंचनाम्यांना लावलं होतं.

तुम्हाला आठवत असेल, राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ ला धोका. त्या ऑगस्टमध्ये पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. शिरोलीजवळ हायवे बुडाला, कोल्हापूर बेट झालं. अशात शासनाचा निर्णय आला : क्षेत्र दोन दिवसांपेक्षा जास्त काळ पाण्यात बुडालेलं असेल तर कुटुंबाला १० किलो गहू आणि १० किलो तांदूळ. दोन दिवसांपेक्षा जास्त! त्यावर महाराष्ट्रभर जो संताप उसळला तो बरोबरच होता. सरकारी माणसावर विनोद करायला बाहेरच्या कुणाची गरज नसते. कधी कधी आम्ही तो स्वतःच टंकलिखित करून, सही-शिक्क्यानिशी, संकेतस्थळावर टाकतो.

आता माझ्या हातातल्या नमुन्यात एक रकाना होता, पाणी किती काळ होतं याचा. एका घरात गेलो. आत पाय ठेवता येत नव्हता. कणगीतला जोंधळा फुगून आंबलेला, त्याचा वास आठ दिवस माझ्या शर्टातून गेला नाही. एक आजी उंबऱ्यावर बसून भांडी घासत होती. मी विचारलं, "आजी, घरात पाणी किती तास होतं?" ती भांडं खाली न ठेवता म्हणाली, "घड्याळ बी बुडालं हुतं, बाबा."

भिंतीवर खरंच घड्याळ होतं. काचेच्या आत निम्म्यापर्यंत गढूळ पाणी, काटे पावणेचारवर थांबलेले. माझ्याबरोबरचा ग्रामसेवक पाठ फिरवून उभा राहिला, हसतोय का रडतोय कळेना. मी रकान्यात 'दोन दिवसांपेक्षा जास्त' लिहिलं आणि पुढच्या चाळीस घरांत तो प्रश्न विचारलाच नाही. सगळीकडं तेच लिहिलं. नियमात बसत नाही हे. आता निवृत्त आहे म्हणून सांगतो.

तुमच्याकडं आलेल्या माणसावर हसा, खुशाल हसा. फक्त एक सांगा : त्यानं शेवटी कागदावर काय लिहिलं? विचारलेला प्रश्न मूर्खपणाचा असू शकतो, ते नमुन्यानं त्याच्या तोंडात घातलेलं असतं. लिहिलेलं उत्तर मात्र त्याचं स्वतःचं असतं.

प्रश्न : तुम्ही हे सगळं हसण्यावारी नेताय. 'चहापाण्या'शिवाय कागद हलत नाही, हा पण विनोदच का?
— एक निवृत्त सैनिक, कागल

उत्तर : नाही, साहेब. तो विनोद नव्हे, ते गुन्ह्याचं लाडाचं नाव आहे. 'चहापाणी', 'वजन ठेवा', 'लक्ष्मीदर्शन' असं म्हणत सगळे हसतात, देणाराही आणि घेणाराही, आणि त्या हसण्यातच पाकीट इकडचं तिकडं होतं. कुणी मागितलं तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे, फुकट लागतो. माझ्या बरोबरीचे एक दोन असे गेले. चांगलं बोलणारे होते, ऑफिसात सगळ्यांना हसवायचे. मला त्यांची दया येत नाही. त्यांनी एका हातानं घेतलं आणि आमच्या सगळ्यांच्या तोंडाला काळं फासलं.

प्रश्न : तुमच्या लोकांत आपसात कोणते विनोद चालतात? एखादा सांगा की.
— एक शिक्षिका, इचलकरंजी

उत्तर : बाई, आमचे विनोद बाहेर हसवत नाहीत, त्यांना नियमावली लागते. तरी एक सांगतो, तो तुमच्या खात्यालाही लागू आहे.

माझा वाढदिवस १ जून. माझ्या पिढीतल्या निम्म्या महाराष्ट्राचा १ जूनच. आईला एवढंच आठवतं की ढग भरून आले होते आणि म्हैस व्याली होती. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सोयीची तारीख टाकली. त्यामुळं दर वर्षी ३१ मे ला ऑफिसं निम्मी रिकामी होतात. आम्ही म्हणायचो, भरतीला आयोग लागतो, निवृत्तीला एक गुरुजी पुरतात.

माझी पाळी ३१ मे २०२० ला आली. फेब्रुवारीच्या २९ तारखेपासून सरकारनं पाच दिवसांचा आठवडा दिला होता. जन्मभर ज्याची वाट बघितली तो शनिवार मला जेमतेम तीन चार मिळाला आणि लॉकडाऊन लागला. मग सगळेच वार शनिवार झाले, फक्त महसूलवाल्यांना सोमवार सुटेना. ३१ मे ला रविवार, त्यामुळं निरोप शुक्रवारी २९ ला. हजेरी मोजकीच, सगळ्यांच्या तोंडाला मास्क, खुर्च्या लांब लांब. शाल होती, पण अंगावर घालायची कुणी, हा प्रश्न पडला. शेवटी शिपाई मामानं ती टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "घ्या तुमचं तुम्हीच." मी आधी नारळावर सॅनिटायझर मारला, मग हातात घेतला.

साहेब भाषणाला उठले. मास्कमधून शब्द नीट येत नव्हते. मी मनमिळाऊ होतो, वक्तशीर होतो, असं बरंच काही म्हणाले. वक्तशीर म्हटल्यावर मस्टर सांभाळणारी मुलगी खाली बघायला लागली. शेवटी म्हणाले, "यांच्या जाण्यानं कार्यालयात जी पोकळी निर्माण होईल, ती भरून निघणार नाही."

गेल्या महिन्यात हयातीच्या दाखल्याचं काही विचारायला त्या ऑफिसात गेलो होतो. माझ्या टेबलावर गठ्ठे, खुर्चीवर गठ्ठे. शेजारच्या टेबलावरचा तो २००८ चा आता दोन्ही संकलनं बघतो. मला बघून उठला, खुर्चीवरचे गठ्ठे उचलून खाली ठेवायला लागला. म्हणाला, "बसा, बसा. तुमचीच आहे. पद अजून रिक्तच आहे."